बर्लिनला बिऱ्हाड हलवताना: कागद, घर, शाळा आणि कचरा

बर्लिनची नोकरी पक्की झाली की घरात चर्चा सुरू होते ती थर्मल कपड्यांची आणि भाजणीच्या पिठाची. थंडीचे कपडे इथे चांगले आणि स्वस्त मिळतात, भाजणी कुरियरनेही येते. नव्या माणसाचं इथे अडतं ते कागदांच्या क्रमावर. घराचा पत्ता नसेल तर रहिवासी नोंदणी होत नाही. नोंदणी नसेल तर कर क्रमांक येत नाही. तो लांबला तर पगारातून चढ्या वर्गाने कर कापला जातो आणि मुलांचा भत्ताही सुरू होत नाही. एक कागद दुसऱ्याला ओढतो आणि पहिला अडला की मागचे सगळे रांगेत उभे. म्हणून जे ज्या क्रमाने करायला हवं, त्याच क्रमाने खाली लिहिलंय. एकाची नोकरी, जोडीदार आणि एक-दोन मुलं असं कुटुंब डोळ्यांपुढे आहे. शाळा आणि पाळणाघराचे नियम जर्मनीत राज्यागणिक बदलतात. इथले नियम बर्लिनचे आहेत, म्युनिक किंवा फ्रँकफर्टला जाणाऱ्यांनी ते तसेच धरू नयेत.

१. निघण्याआधी: नावांचा घोळ भारतातच मिटवा

आपल्याकडच्या पासपोर्टवर ‘दिलेलं नाव’ या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं. जर्मन कार्यालय ती सगळी नावं तुमचीच धरतं. त्यामुळे ‘अमोल श्रीकांत’ हे दोन्ही तुमचंच नाव होतं. याचा त्रास नाही, फक्त बँक, विमा, भाडेकरार सगळीकडे पासपोर्टवर आहे तसंच पूर्ण नाव लिहायचं.

खरा त्रास बायकांच्या नावांचा. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतं पहिलं नाव, आणि लग्नात नाव बदललं असेल तर तेही तिसरंच. पुण्यात महापालिकेच्या खिडकीवरचा माणूस हे बघून समजून घेतो. बर्लिनमधली बाई समजून घेणार नाही, कारण तिच्या दृष्टीने त्या तीन वेगळ्या व्यक्ती आहेत. स्पेलिंगमधला एका अक्षराचा फरकही भारतात असतानाच दुरुस्त करून घ्या. महापालिकेचा दाखला दुरुस्त करायला जर्मनीतून भावाला हेलपाटे घालायला लावणं फार महागात पडतं, पैशाने आणि नात्यानेही.

सोबत हे सगळं मूळ प्रतींसह घ्या आणि चेक-इनच्या बॅगेत न टाकता हातातल्या बॅगेत ठेवा:

- सगळ्यांचे पासपोर्ट आणि व्हिसा
- विवाह नोंदणीचा दाखला (मंगल कार्यालयाची पावती किंवा पत्रिका नव्हे)
- मुलांचे जन्मदाखले, मराठी-इंग्रजी दोन्ही मजकूर असलेले
- पदवीची प्रमाणपत्रं आणि गुणपत्रिका, जोडीदाराचीसुद्धा
- मुलांच्या लसीकरणाची पुस्तिका. गोवराच्या दोन्ही लसींच्या तारखा आणि डॉक्टरांचा शिक्का नीट दिसतोय ना, ते पाहा
- शाळेचे शेवटच्या दोन वर्षांचे निकाल
- नोकरीचा करार, आणि पहिले तीन पगार मिळेपर्यंत उपयोगी पडेल असं जुन्या पगाराचं किंवा बँकेचं पत्र
- पासपोर्टच्या आकाराचे बायोमेट्रिक फोटो

विवाह आणि जन्माच्या दाखल्यांचा जर्मन अनुवाद शपथबद्ध अनुवादकाकडून करून घ्या. इंग्रजी मजकूर अनेक ठिकाणी चालतो, पण समोरच्याने जर्मन मागितला तर तो आणण्यातच पुढचे तीन आठवडे जातात.

आता सामानाबद्दल. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे साजूक तूप, पेढे, खव्याची बर्फी, पनीर हे सगळं यात येतं. डिसेंबर २०१९ पासून ताज्या फळांना आणि पानांनाही रोगमुक्तीचं सरकारी प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, केळं, खजूर आणि डुरियन एवढ्यांनाच सूट आहे. त्यामुळे हापूसची पेटी आणि आईने बांधून दिलेला कढीपत्ता दोन्ही विमानतळावरच राहतात. लाडू, चिवडा, मसाले, डाळी, पापड आणायला हरकत नाही, फक्त लाडवात तूप किती, हे कोणी विचारलं तर काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा.

२. पहिलं घर: ‘नोंदणी होणार का?’ हा एकच प्रश्न

बहुतेक कुटुंबं पहिले दोन-तीन महिने सजवलेल्या तात्पुरत्या घरात राहतात. ते योग्यही आहे, भारतात बसून पक्कं घर मिळत नाही. पण घर ठरवताना बाल्कनी आणि मेट्रोचं अंतर नंतर बघा. आधी मालकाला लेखी विचारा की या पत्त्यावर ‘आनमेल्डुंग’, म्हणजे रहिवासी नोंदणी, सगळ्या कुटुंबाची करता येईल का. पर्यटकांसाठी असलेल्या बऱ्याच फ्लॅटमध्ये ती करू देत नाहीत. ‘नंतर पाहू’ असं उत्तर आलं तर ते ‘नाही’ आहे असं समजा आणि पुढचं घर बघा.

कायद्याने मालकाला ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’ नावाचा दाखला द्यावा लागतो: अमुक माणसं अमुक तारखेला या घरात राहायला आली. भाडेकरार म्हणजे हा दाखला नव्हे. नोंदणीला करार नेऊन ठेवला आणि हा कागद नसला तर तुम्हाला परत पाठवतात. दाखल्यावर मुलांचीसुद्धा नावं हवीत.

फसवणुकीचा एकच साचा आहे आणि तो दरवर्षी नव्याने चालतो. फोटो सुंदर, भाडं परिसराच्या मानाने कमी, मालक ‘सध्या लंडनला’, आणि किल्ली कुरियरने येणार, फक्त डिपॉझिट आधी पाठवा. स्वतः किंवा ओळखीच्या माणसाने घर आतून पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. पासपोर्टची प्रतही नको, पुढच्याला फसवायला तीच वापरतात.

३. ब्युर्गरआम्ट: चौदा दिवस आणि अपॉइंटमेंट

घरात राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत नोंदणी करायची असते. कार्यालयाचं नाव ब्युर्गरआम्ट. बर्लिनमध्ये ती अनेक आहेत आणि तुम्ही कोणत्याही भागात राहत असलात तरी कुठल्याही ब्युर्गरआम्टात जाता येतं. हे ठाऊक नसल्याने लोक घराजवळच्या कार्यालयाची वाट बघत बसतात. शहराच्या टोकाला श्पांडाऊ किंवा मारत्सानला उद्याची वेळ मिळत असेल तर तासभर ट्रेनने जा.

अपॉइंटमेंट शहराच्या संकेतस्थळावर किंवा ११५ या नंबरवर मिळते. कॅलेंडर लाल दिसलं म्हणून हताश होऊ नका. लोक दिवसभर वेळा रद्द करत असतात आणि त्या जागा तेवढ्यापुरत्या निळ्या होतात. सकाळी लवकर बघा, दुपारी पुन्हा बघा. चौदा दिवसांत वेळ मिळाली नाही तरी घाबरायचं कारण नाही, अपॉइंटमेंट घेतल्याचा ईमेल मात्र जपून ठेवा. आणि वेळ मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालांच्या नादी लागू नका, ही नोंदणी फुकट आहे.

अर्जात तीन जागा सांभाळायच्या.

पहिली, धर्म. आपण सवयीने रकाना भरतो. इथे ‘कॅथलिक’ किंवा ‘प्रोटेस्टंट’ लिहिलं की पगारातून चर्चचा कर कापला जातो, बर्लिनमध्ये आयकराच्या ९ टक्के. वसई किंवा गोव्याकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी हा निर्णय विचार करून घ्यावा. द्यायचा असेल तर जरूर द्या, पण तो कशासाठी कापला जातोय हे माहीत असू द्या. हिंदू, बौद्ध, जैन यांना हा कर लागू नाही.

दुसरी, वैवाहिक स्थिती. विवाहाचा दाखला दाखवला नाही तर नोंद ‘माहिती नाही’ अशी होते आणि कराचा वर्ग अविवाहिताचा लागतो. नंतर ते बदलायला पुन्हा अपॉइंटमेंट.

तिसरी, नावांचा क्रम. बाहेर पडण्याआधी छापील कागद खिडकीवरच वाचा. आडनावाच्या जागी आडनावच आहे का, मुलाची जन्मतारीख बरोबर आहे का, ते बघा. तिथल्या तिथे दोन मिनिटांत दुरुस्त होतं.

घर बदललं की पुन्हा चौदा दिवसांत नवी नोंदणी. तात्पुरत्या घरातून पक्क्या घरात जाताना हे हमखास विसरलं जातं.

४. टपालपेटीवर नाव लावा, त्याच दिवशी

हा भाग लांबवतेय, कारण निम्मी अडचण इथेच असते. बर्लिनच्या पत्त्यात फ्लॅट नंबर नसतो. गल्ली, इमारतीचा क्रमांक, बस्स. चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत पोस्टमन पत्र टाकतो ते पेटीवरचं आडनाव बघून. नाव नसेल तर पत्र परत जातं आणि ते परत गेल्याचं तुम्हाला कळतही नाही. कर क्रमांक, विमा कार्ड, बँकेचा पिन, व्हिसाची पत्रं, सगळं पोस्टाने येतं आणि ईमेलला कोणी मोजत नाही.

समजा नवरा कुलकर्णी आणि बायकोने पासपोर्टवर देशपांडे ठेवलंय. मग पेटीवर दोन्ही आडनावं हवीत, खाली बेलच्या पाटीवरही दोन्ही. तात्पुरत्या घरात मालकाचं नाव काढू देत नसतील तर कागदाची पट्टी सेलोटेपने त्याखाली चिकटवा. आमच्या इमारतीत अशा पट्ट्यांवर पट्ट्या चढलेल्या एका पेटीवर चार देशांची आडनावं होती आणि पोस्टमन ती सगळी ओळखायचा.

पिवळ्या पाकिटाचं सरकारी पत्र आलं तर पाकीट फेकू नका. पोस्टमन त्यावर तारीख लिहून जातो आणि उत्तर द्यायची मुदत त्या तारखेपासून धरतात. पार्सल आलं आणि तुम्ही घरी नसलात तर ते शेजाऱ्याकडे ठेवतात, चिठ्ठीवर त्याचं नाव असतं. पहिल्या ओळखी बऱ्याचदा अशाच होतात. चिठ्ठी घेऊन वरच्या मजल्यावर जायचं, पार्सल घ्यायचं, आणि पुढच्या वेळी त्यांचं आपल्याकडे येतं.

५. आरोग्य विमा आणि मुलांचा डॉक्टर

नोकरीच्या पहिल्या दिवसाआधी विमा कंपनी निवडावी लागते. सार्वजनिक विम्यात (टेका म्हणजे टेक्निकर, आओका, बार्मर या त्यातल्या मोठ्या) कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं वेगळा हप्ता न भरता येतात. खाजगी विमा ठरावीक उत्पन्नाच्या वर घेता येतो आणि तरुण माणसाला सुरुवातीला स्वस्त वाटतो. एजंट तो फार गोड बोलून विकतात. पण तिथे प्रत्येक मुलाचा आणि जोडीदाराचा हप्ता वेगळा, वय वाढेल तसा वाढता, आणि तिथून सार्वजनिक विम्यात परतणं अवघड, पंचावन्न वर्षांनंतर तर जवळपास अशक्य. कुटुंब असेल तर माझं मत सरळ आहे: सार्वजनिक घ्या.

मुलांचा डॉक्टर आजारपणाआधी शोधा. अनेक दवाखाने ‘नवे पेशंट घेत नाही’ असं सांगतात. घराजवळच्या पाच-सहा ठिकाणी स्वतः जाऊन, मुलाला कडेवर घेऊन विचारा. फोनवर नकार देणारी बाई समोर मूल बघितलं की कधी कधी विरघळते. सापडला नाही तर विमा कंपनीला सांगा, त्या शोधून देतात. भारतातलं लसीकरण पहिल्याच भेटीत इथल्या पिवळ्या पुस्तिकेत उतरवून घ्या.

एक मानसिक तयारीही हवी. तीन दिवसांच्या तापाला इथले डॉक्टर पाणी, आराम आणि पॅरासिटामॉल सांगतात. अँटिबायोटिक मागून मिळत नाही. त्यांना काही कळत नाही असं नव्हे, पद्धतच तशी आहे.

फ्रिजवर चिकटवायचे नंबर: रुग्णवाहिका आणि अग्निशमन ११२, पोलीस ११०, रात्री-रविवारी डॉक्टर हवा पण जिवावरचं नाही तर ११६११७, मुलाने काही विषारी गिळलं तर बर्लिनचा विषनियंत्रण कक्ष ०३० १९२४०.

६. व्हिसाचं कार्ड

भारतातून मिळालेला व्हिसा संपण्याआधी बर्लिनच्या स्थलांतर कार्यालयात, म्हणजे लांडेसआम्ट फ्युर आइनवांडरुंग इथे, निवास परवान्याचा अर्ज पडायला हवा. अपॉइंटमेंट नंतरची मिळाली तरी अर्ज मुदतीत केल्याचा पुरावा हातात हवा. व्हिसा संपतोय आणि कार्ड आलेलं नाही, अशा मधल्या काळात ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’ नावाचा कागद देतात. त्याचे प्रकार आहेत आणि प्रत्येकावर देशाबाहेर जाऊन परत येता येतंच असं नाही. भाचीच्या लग्नाचं तिकीट काढण्याआधी कागदावर कुठल्या चौकटीत खूण आहे ते बघा.

ब्लू कार्ड म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांचा निवास परवाना. तो असणाऱ्याच्या जोडीदाराला इथे आल्यापासून नोकरी करायची पूर्ण मुभा असते. हे जोडीदाराला आधी सांगा. पुण्यात चांगली नोकरी सोडून आलेली व्यक्ती पहिला हिवाळा चार भिंतींत काढते तेव्हा घराचं काय होतं, ते अनेकांनी पाहिलंय. फोल्क्सहोखशूल, म्हणजे सरकारी प्रौढ शिक्षण केंद्र, प्रत्येक भागात आहे, आणि तिथले जर्मनचे वर्ग खाजगीपेक्षा बरेच स्वस्त. ते आल्या महिन्यात लावा, मुलांचं सगळं मार्गी लागल्यावर नव्हे.

७. किटा आणि शाळा

सहा वर्षांखालच्या मुलांचं पाळणाघर-बालवाडी म्हणजे किटा. बर्लिनमध्ये ऑगस्ट २०१८ पासून त्याची फी नाही, जेवणाचे महिना २३ युरो द्यावे लागतात. काही किटा योग, इंग्रजी, सेंद्रिय नाश्ता अशा गोष्टींचे जास्तीचे पैसे घेतात, त्याला महिना ९० युरोची मर्यादा आहे आणि ते ऐच्छिक असतात.

दोन वेगळ्या गोष्टी लागतात आणि लोक त्या एकच समजतात. एक ‘किटा-गुटशाइन’, म्हणजे तुमच्या भागाच्या युगेंडआम्टकडून, म्हणजे बाल-युवक कार्यालयाकडून, मिळणारं हक्कपत्र. दुसरी, प्रत्यक्ष जागा, जी तुम्हीच शोधायची. हक्कपत्र हातात असलं म्हणजे जागा मिळाली असं नाही. अर्ज प्रवेशाच्या नऊ ते दोन महिने आधी करायचा असतो, त्यामुळे नोंदणी झाल्याच्या आठवड्यात टाका. दोघं नोकरी करत असाल तर दोघांच्या कंपनीची पत्रं जोडा, म्हणजे जास्त तासांचं हक्कपत्र मिळतं.

जागा मिळाल्यावर ‘आइनगेव्योनुंग’ असते. पहिल्या दिवशी आई किंवा बाबाने मुलाजवळ तासभर कोपऱ्यात बसायचं, दुसऱ्या दिवशी थोडं जास्त, मग पाच मिनिटं बाहेर जाऊन यायचं. असं दोन ते चार आठवडे चालतं. रडतं मूल गेटवर सोपवून ऑफिसला पळायची आपली पद्धत इथे चालत नाही. त्या काळात एका पालकाची सुट्टी आधीच मंजूर करून घ्या. नवी नोकरी आणि आइनगेव्योनुंग एकाच महिन्यात आणू नका.

किटा असो की शाळा, गोवर लसीचा पुरावा २०२० च्या कायद्याने सक्तीचा आहे. तो नसेल तर किटात प्रवेशच मिळत नाही.

शाळा: ३० सप्टेंबरपर्यंत सहा पूर्ण होणारं मूल त्या वर्षी पहिलीत जातं. ग्रुंडशूल, म्हणजे प्राथमिक शाळा, बर्लिनमध्ये सहावीपर्यंत असते, तर जर्मनीत बहुतेक ठिकाणी चौथीपर्यंतच. शाळा घराच्या पत्त्यावरून ठरते, म्हणून पक्कं घर बघतानाच जवळची शाळा बघा. मोठ्या मुलाला जर्मन येत नसेल तर ‘विलकोमेन्सक्लास’मध्ये घालतात, तिथे भाषा शिकवून मग नेहमीच्या वर्गात पाठवतात. आठ वर्षांचं मूल वर्षभरात बोलायला लागतं. चौदा वर्षांच्या मुलाला ते फार जड जातं, कारण दहावीचा विचार लगेच समोर असतो.

दोन-तीन वर्षांसाठीच आला असाल तर इंग्रजीचा विचार रास्त आहे. राज्याच्याच नेल्सन मंडेला शाळेसारख्या जर्मन-इंग्रजी शाळा आहेत, त्यांना फी नाही, पण जागा मोजक्या. खाजगी आंतरराष्ट्रीय शाळांची फी कंपनी देणार असेल तरच तो रस्ता धरा, आणि ते करारात लिहून घ्या.

पहिली ते सहावीला शाळेचं जेवण २०१९ पासून मोफत आहे, विद्यार्थ्यांना शहरातला प्रवासही. डब्यात पोळी-भाजी दिली तर कोणी काही म्हणत नाही. शाकाहारी जेवण मिळतं, मात्र ‘अंडं चालेल का, मासे चालतील का’ हे फॉर्मवर स्पष्ट लिहा. इथे बऱ्याच लोकांच्या मते मासा खाणारा शाकाहारीच असतो.

सुट्टीचं गणित वेगळं आहे. उन्हाळी सुट्टी सहा आठवड्यांची, ती जूनच्या अखेरीपासून जुलैच्या अखेरीपर्यंत कधीतरी सुरू होते आणि तारखा दरवर्षी सरकतात. मे महिना आणि आंबे विसरा. स्वस्त तिकिटासाठी सुट्टीच्या आधी चार दिवस मुलाला घेऊन निघालात तर तो शालेय सक्तीचा भंग ठरतो आणि दंड होऊ शकतो. लग्नकार्यासाठी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी मागा.

८. पैशांची तीन पत्रं

नोंदणीनंतर दोन-तीन आठवड्यांत अकरा आकडी कर क्रमांक पोस्टाने येतो, मुलांचासुद्धा वेगळा. तो आला की:

- बालभत्त्याचा (किंडरगेल्ड) अर्ज फामिलिएनकासेकडे, म्हणजे बालभत्ता कार्यालयाकडे, करा. २०२५ मध्ये तो दर मुलामागे महिना २५५ युरो होता, २०२६ पासून २५९. मागचे पैसे फक्त सहा महिन्यांचे मिळतात, ‘बघू सावकाश’ म्हणालात तर तेवढे बुडाले.
- जोडीदाराची कमाई नसेल तर कराचा वर्ग बदलून कमावत्याला तीन आणि दुसऱ्याला पाच करायचा अर्ज फिनान्त्सआम्टला, म्हणजे कर कार्यालयाला, द्या. दर महिन्याला हातात येणारी रक्कम वाढते. वर्षअखेरीस मात्र विवरणपत्र भरणं बंधनकारक होतं.
- टीव्ही-रेडिओच्या शुल्काचं पत्र येईल. घरात टीव्ही नसला तरी दर घरामागे महिना १८.३६ युरो भरावेच लागतात. नवरा-बायको दोघांना पत्रं आली तर एकानेच भरायचं आणि दुसऱ्याने त्याचा क्रमांक कळवायचा. पत्र फसवं वाटून फाडून टाकणाऱ्यांना पुढे थकबाकीची नोटीस येते.

यात एक विमा स्वतःहून घ्या: हाफ्टफ्लिष्ट, म्हणजे तुमच्याकडून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. वर्षाला किरकोळ पैसे लागतात. तुमच्या मुलाची सायकल कोणाच्या गाडीला घासली, किंवा इमारतीची किल्ली हरवून सगळी कुलपं बदलावी लागली, की त्याची किंमत कळते. किल्ल्यांचा समावेश आहे का ते विचारून घ्या.

९. पक्कं घर

इथे हॉलसुद्धा खोली म्हणून मोजतात. तीन खोल्यांचं घर म्हणजे आपलं टू-बीएचके. जाहिरातीतलं ‘काल्टमीटे’ हे नुसतं भाडं. ‘वार्ममीटे’त पाणी, कचरा, बहुतेकदा हीटिंगही धरलेलं असतं. वीज आणि इंटरनेट त्याहून वेगळं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन काल्टमीटे, आणि कायद्याने ते तीन हप्त्यांत भरता येतं.

‘किचन नाही’ असं लिहिलं असेल तर ते शब्दशः घ्या. ओटा नाही, बेसिन नाही, शेगडी नाही, भिंतीतून निघालेले दोन पाइप आणि टाइल्स. छताला दिवेही नसतात, वायरी लोंबत असतात. आधीच्या भाडेकरूचं किचन विकत घ्यायची ऑफर आली तर उपकरणं किती जुनी आहेत ते बघून घासाघीस करा.

मालक ‘शूफा’, म्हणजे पतइतिहासाचा दाखला, मागतात. नव्या माणसाकडे त्यात दाखवण्यासारखं काही नसतं, म्हणून नोकरीचा करार, तीन पगारपत्रकं आणि कुटुंबाची ओळख करून देणारं अर्धं पान जर्मनमधून एकाच पीडीएफमध्ये तयार ठेवा. घर बघायला तीस माणसं येतात. बाहेर पडल्यावर दहा मिनिटांत जो पीडीएफ पाठवतो, त्याचा नंबर लागायची शक्यता जास्त.

ताबा घेताना भिंतीवरचा प्रत्येक डाग, फरशीचा प्रत्येक ओरखडा हस्तांतरणाच्या कागदावर लिहून घ्या आणि फोटो काढा. सोडताना डिपॉझिट याच कागदावर कापलं जातं.

१०. खिडकी, कचरा, रविवार

आपल्या स्वयंपाकाची वाफ जर्मन घराला सोसत नाही. कुकर, उकळता वरणभात आणि बंद खिडक्या मिळून हिवाळ्यात कोपऱ्यात काळी बुरशी येते, आणि तिचा खर्च भाडेकरूच्या माथी येतो. सकाळ-संध्याकाळ सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडा, बाहेर उणे पाच असलं तरी. खिडकी दिवसभर किलकिली ठेवू नका, त्याने भिंत गार पडते आणि बिल वाढतं. हिंग-मोहरीच्या फोडणीने धुराचा अलार्म वाजतो. तो काढून ठेवू नका, कायद्याने सक्तीचा आहे. फोडणीआधी स्वयंपाकघराचं दार लावलं की भागतं.

कचरा: निळ्या पेटीत कागद, तपकिरीत भाजीचा ओला, नारिंगी किंवा पिवळ्यात प्लास्टिक-धातू, उरलेला काळ्यात. काच पांढरी वेगळी, रंगीत वेगळी. भाजीचा कचरा प्लास्टिकच्या पिशवीसकट तपकिरी पेटीत टाकलात तर कोणीतरी वरच्या मजल्यावरून बघत असतं. पाण्याच्या एकदाच वापरायच्या बाटल्या आणि कॅनवर २५ सेंट डिपॉझिट असतं, दुकानातल्या मशीनमध्ये घालून परत घ्या. मुलांना हे काम फार आवडतं.

रविवारी दुकानं बंद. दूध संपलं तर कोपऱ्यावरचं ‘श्पेटी’, म्हणजे उशिरापर्यंत उघडं असणारं छोटं दुकान, किंवा मुख्य रेल्वे स्थानकातली दुकानं. रविवारी ड्रिल, हातोडा, काचेच्या बाटल्या टाकणं, काहीच करायचं नाही. रोज रात्री दहा ते सकाळी सहाही शांतता. पहाटे पाचला अभ्यंगस्नान जरूर करा, चटणीचा मिक्सर मात्र सहानंतर.

किराण्यासाठी भारतीय दुकानं आहेत, पण रोजची कोथिंबीर, पुदिना, भेंडी, मसूर तुर्की दुकानात ताजी आणि स्वस्त मिळतात. मायबाखउफरचा तुर्की बाजार मंगळवारी आणि शुक्रवारी भरतो. पोळ्यांना ‘४०५’ लिहिलेलं पीठ घेऊ नका, तो मैदाच. श्रीखंडाला चक्का बांधायची गरज नाही, ४० टक्के स्निग्धांशाचं ‘क्वार्क’ आणून थोडा वेळ फडक्यात निथळू द्या.

११. प्रवास आणि लायसन्स

शहर अ, ब, क अशा झोनमध्ये आहे आणि विमानतळ क मध्ये. अ-ब च्या तिकिटावर विमानतळाला निघालात तर ६० युरो दंड, आणि ‘मी नवा आहे’ हे कारण ऐकून घेत नाहीत. छापील तिकिटावर फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारावा लागतो. दोघांपैकी रोज प्रवास करणाऱ्याने डॉइचलांडटिकेट, म्हणजे देशभरच्या लोकल प्रवासाचं मासिक तिकीट, घ्यावं, २०२६ पासून महिना ६३ युरो. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही.

भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून सहा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. गाडी घ्यायचा विचार असेल तर चौथ्या महिन्यात ड्रायव्हिंग स्कूलला नाव घाला.

१२. वर्षभराने येणारं हिशेबपत्र

घरभाड्यात हीटिंग-पाण्यासाठी जे भरता ते अंदाजाने धरलेलं असतं. प्रत्यक्ष हिशेब मालक वर्ष संपल्यावर बारा महिन्यांच्या आत पाठवतो, त्यामुळे पहिल्या हिवाळ्याचं बिल कधी कधी दुसरा हिवाळा सुरू होताना येतं, आणि चार माणसांच्या घराला काहीशे युरो भरावे लागणं नवलाचं नाही. तेवढी रक्कम बाजूला ठेवा. घर बदललं असेल तर जुन्या मालकाला नवा पत्ता कळवा. आकडे पटत नसतील तर बर्लिनर मीटरफेराइन, म्हणजे भाडेकरू संघ, याचं सभासदत्व घेऊन त्यांच्याकडून हिशेब तपासून घ्या. पत्र मिळाल्यापासून हरकत घ्यायला बारा महिने मिळतात.